पुन्हा पुन्हा होणारी गळवं : औषधांना दाद न देणारा जंतू घरातून कसा घालवायचा

पहिलं गळू माझ्या मुलाच्या मांडीवर आलं. तो तेव्हा अकरावीत होता आणि रोज संध्याकाळी कबड्डी खेळायचा. मैदानात काहीतरी चावलं असेल असं समजून मी खोबरेल तेलात हळद कालवून लावली. तिसऱ्या दिवशी तिथे लिंबाएवढी लाल, गरम, टणक गाठ झाली होती आणि ठणक्यामुळे त्याला रात्रभर झोप नव्हती. गळू फुटलं, गोळ्या झाल्या, जखम भरली. पाच आठवड्यांनी दुसरं आलं. मग माझ्या बगलेत एक, सासूबाईंच्या पाठीवर एक. नऊ महिन्यांत घरात अकरा गळवं झाली. कुणी म्हणालं आंबे बाधले, कुणी म्हणालं रक्त खराब आहे, कुणी नजर काढायला सांगितली. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पू तपासायला पाठवला आणि जंतूचं नाव कळलं : एमआरएसए, म्हणजे गळवाच्या नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा जंतू.

मी डॉक्टर नाही. कुठलं औषध, किती आणि किती दिवस, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण टॉवेल, साबण, अंथरूण, नखं हा जो रोजचा भाग असतो, तो औषधाच्या चिठ्ठीवर मावत नाही, आणि आमच्या घरात गळवं थांबली ती त्या भागाने. आधीचे नऊ महिने आम्ही फक्त ज्याला गळू झालं त्याच्यावर उपचार करत होतो. खरं तर उपचार सगळ्या घराला, एकाच दिवशी सुरू करायला हवे होते.

जंतू राहतो कुठे

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू जवळजवळ दर तिसऱ्या माणसाच्या नाकात असतो आणि बहुतेकांना त्याचा आयुष्यभर काही त्रास होत नाही. नाकपुडीचा पुढचा भाग ही त्याची आवडती जागा. तिथून तो बोटाला लागतो, बोटावरून खरचटलेल्या कातडीत, दाढीच्या कापल्यात, घामोळ्यात, खाजवलेल्या डासाच्या चाव्यात शिरतो. पेनिसिलिनला तो सरावल्यावर १९५९ मध्ये मेथिसिलीन हे नवं औषध आलं. दोनच वर्षांत, १९६१ मध्ये, त्यालाही दाद न देणारे जंतू इंग्लंडमध्ये सापडले. तेच एमआरएसए. आधी हा दवाखान्यातला जंतू समजला जायचा. १९९० नंतर तो धडधाकट मुलांत, खेळाडूंत, घराघरांत दिसू लागला. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देखरेखीतल्या रुग्णालयांमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या नमुन्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त नमुने या प्रकारचे निघाले आहेत.

पोटात घेतलेली गोळी गळवापर्यंत पोचते. नाकातला जंतू मात्र तिने जाईलच असं नाही, आणि टॉवेलवरचा तर जाणारच नाही. कोरड्या कापडावर, दाराच्या कडीवर, मोबाईलवर हा जंतू कित्येक दिवस, कधी आठवडेही तग धरतो. म्हणून गळू बरं होतं आणि परत येतं.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस रॅम्स या फुटबॉल संघात ५ खेळाडूंना मिळून ८ वेळा हा संसर्ग झाला. प्रत्येक वेळी जागा तीच : कृत्रिम हिरवळीवर घासून सोललेली कातडी. तपासात दिसलं की सामना चालू असताना एकच टॉवेल दोघा-तिघांत फिरत होता. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या न्हाणीघरातली खुंटी आली. तिच्यावर दोन टॉवेल असायचे आणि घरात माणसं पाच.

आधी हे बघा : घरी थांबायचं नाही अशी लक्षणं

ताप किंवा हुडहुडी. लाली तासातासाला पसरणं (पेनने कडेने रेघ मारून ठेवा, रेघेच्या बाहेर गेली की निघा). गळवापासून वर जाणारी लाल रेघ. दिसतंय त्यापेक्षा खूपच जास्त दुखणं, कातडी काळी-जांभळी पडणं, माणूस सुस्त होणं. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातलं गळू, कारण तिथल्या शिरांचा मेंदूकडच्या शिरांशी संबंध असतो. तान्हं बाळ, मधुमेही, केमोथेरपी किंवा डायलिसिसवरचं माणूस. मानेच्या मागे अनेक तोंडांची काळपुळी. यांपैकी एकही असेल तर पुढचं वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

पू बाहेर काढणं आणि तपासणं

गळू पिळायचं नाही. पिळल्यावर थोडा पू बाहेर येतो आणि बाकीचा आत, बाजूच्या मांसात दाबला जातो. पिकेपर्यंत स्वच्छ फडकं सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, १० ते १५ मिनिटं शेकायचं. दिवसातून तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी फडकं नवं, वापरलेलं उकळायला. कांद्याचं, अळशीचं पोटीस आपल्याकडे पिढ्यानपिढ्या बांधतात आणि त्यात उपयोगी पडते ती ऊबच. मात्र तोंड पडलेल्या गळवावर चुना-गूळ किंवा तंबाखू लावू नका. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या माणसाला शेक देताना पाणी दुसऱ्याने हात घालून बघावं.

मोठं गळू डॉक्टरांनी छोटी चीर देऊन रिकामं करणं हा मुख्य उपचार आहे. गोळ्या त्याच्या जोडीला. त्याच वेळी एक वाक्य विचारायचं : “डॉक्टर, पू कल्चरला पाठवाल का?” कल्चर म्हणजे पुवातला जंतू लॅबमध्ये वाढवून त्याला कुठलं औषध लागू पडतं ते बघणं. आम्ही हे शेवटपर्यंत विचारलं नाही आणि तेवढा काळ अंदाजाने दिलेल्या गोळ्या घेत राहिलो. रिपोर्ट साधारण दोन ते तीन दिवसांत येतो.

त्यात औषधांची यादी आणि पुढे एस किंवा आर असतं. एस म्हणजे औषध लागू पडतं, आर म्हणजे पडत नाही. ‘सेफॉक्सिटिन’ या नावापुढे आर असेल तर तो एमआरएसए. मेथिसिलीन आता वापरात नाही, म्हणून लॅब त्याच्याऐवजी सेफॉक्सिटिनवर जंतूची परीक्षा घेते. याचा अर्थ असा की गळवासाठी हमखास दिल्या जाणाऱ्या ॲमॉक्सिसिलीन-क्लॅव्ह, सेफॅलेक्सिन, क्लॉक्सॅसिलीनसारख्या गोळ्यांचा उपयोग होणार नाही. क्लिंडामायसिनपुढे एस असूनही शेरा ‘डी-टेस्ट पॉझिटिव्ह’ असेल तर ते औषध मध्येच निकामी ठरू शकतं. हा शेरा डॉक्टरांना बोटाने दाखवा. डॉक्सिसायक्लिन, कोट्रायमॉक्सॅझोल ही जुनी औषधं या जंतूवर पुष्कळदा अजून चालतात. “भारीतलं द्या” म्हणून लिनेझोलिड मागू नका. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या रुग्णांसाठी ते मोलाचं आहे, आणि आपण गळवासाठी उधळलं तर ते त्यांच्या कामाचं राहणार नाही.

ज्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, उरलं म्हणून जपून ठेवायचं नाही, शेजारणीला द्यायचं नाही. आणि मेडिकलमधून ‘सगळ्यावर चालणारी’ म्हणून मिळणारी, स्टेरॉइड मिसळलेली मलमं गळवाला लावू नका. लाली दोन दिवस उतरते, आतला जंतू मात्र मोकळा सुटतो.

याच भेटीत आणखी दोन गोष्टी तपासून घ्या. एक, साखर, वारंवार गळवं होणं ही मधुमेहाची पहिली खूण असू शकते, आणि सासूबाईंचा मधुमेह आम्हाला असाच कळला. दुसरी, खरूज. रात्री खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ, घरात दोघा-तिघांना; मग आधी खरूज घालवावी लागते, नाहीतर खाजवून उघडी पडलेली कातडी जंतूला दार उघडून देते. खरजेचं औषधही साऱ्या घराने एकाच रात्री लावायचं असतं. वर्षानुवर्षं फक्त बगला आणि जांघांतच गाठी होत असतील, खाली बोगदे-व्रण राहत असतील, तर तो हायड्राडेनायटिस हा वेगळा आजार असू शकतो, त्याचे उपचार वेगळे आहेत.

ड्रेसिंग : यात घाई केली की घरभर होतं

आमच्याकडे ड्रेसिंग दिवाणखान्यातल्या सोफ्यावर, टीव्ही बघत व्हायचं. नंतर मी त्याची जागा बदलली : न्हाणीघराजवळ प्लास्टिकचं स्टूल, खाली जुनं वर्तमानपत्र. सगळं सामान आधी मांडून ठेवायचं, म्हणजे मध्येच त्याच हाताने कपाट उघडावं लागत नाही. नखं कापलेली, बांगड्या-अंगठ्या काढलेल्या. साबणाने हात धुवायचे, बोटांच्या मधून, अंगठ्याभोवती, किमान २० सेकंद. मग हातमोजे. जुनी पट्टी आतल्या बाजूला दुमडून काढायची आणि थेट पिशवीत टाकायची, जमिनीवर ठेवायची नाही. जखम डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रवाने धुवायची. डेटॉल तसंच ओतलं तर भरत आलेली कातडी पोळते. कोरडी गॉज, वर चारही बाजूंनी चिकटपट्टी. पट्टी ओली झाली, पू बाहेर दिसायला लागला की दिवसातून कितीही वेळा बदलायची. हातमोजे उलटे करून त्याच पिशवीत, पिशवीला गाठ, ती दुसऱ्या पिशवीत, आणि कचरा नेणाऱ्या माणसाच्या हाताला लागणार नाही अशी वेगळी. वर्तमानपत्रही त्यातच. मग पुन्हा हात धुणं. हातमोजे घातले होते म्हणून हे टळत नाही.

जखम पूर्ण झाकलेली आणि पट्टी कोरडी असेल तर शाळा, ऑफिस, लोकल सगळं चालतं. कबड्डी, कुस्ती, जिम, पोहणं मात्र जखम भरेपर्यंत बंद. तालमीत किंवा संघात कुणाला असं गळू असेल तर ते लपवू नये, आणि प्रशिक्षकांनी त्या मुलाला ओशाळं वाटेल असं काही बोलू नये. घाण राहिल्यामुळे हे होतं असं नाही. आमचं घर तेव्हाही लख्ख होतं.

प्रत्येकाचं वेगळं

टॉवेल, पंचा, अंग घासायची वजरी किंवा काथ्या, रेझर, नेलकटर, कंगवा, उशी, चादर, गोधडी. साबणाची वडी अख्ख्या घरात एक असेल तर ती उचला आणि पंपाचा द्रव साबण आणा. काथ्या आणि लूफा टाकूनच द्या, ओलसर जाळीत जंतूला छान आसरा मिळतो. बगल, जांघ, मांडी यांवर गळवं येत असतील तर काही महिने तिथे रेझर आणि वॅक्सिंग नको. सलूनमध्ये ब्लेड समोर नवं काढायला सांगा, टॉवेल घरून न्या.

कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत असं पुस्तकं सांगतात. मशीन नसेल तर साबणाचं कढत पाणी आणि मग कडक ऊन. जून ते सप्टेंबर आमच्या डोंबिवलीत ऊन मिळत नाही, कपडे दोन दिवस दोरीवर दमट राहतात. त्यावर उपाय म्हणजे कमी जाडीचं कापड आणि गरम इस्त्री. सासूबाईंनी आपली दोन जुनी सुती नऊवारी लुगडी काढून दिली, मी त्यांचे चौदा पंचे केले. ते पंख्याखाली रात्रीत वाळायचे. टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्या घरांनाही हाच मार्ग मी सुचवेन : जाड टॉवेल बांधून ठेवा, पातळ पंचे वापरा, आणि पाणी कमी असेल तर ते चादरी धुण्याआधी पंचे आणि उशांचे अभ्रे धुण्याला द्या.

फरशी, भिंती घासत बसण्याने फार काही साधत नाही. हात जिथे सारखा लागतो तिथे रोज पुसा : मोबाईल, रिमोट, कड्या, नळ, स्विच, फ्रिजचं हँडल, संडासची सीट, आंघोळीचा मग आणि बादलीची कडी. नेहमीचं साबणपाणी पुरतं. मोबाईल पुसायला ७० टक्के अल्कोहोलचं ओलसर फडकं.

पाच दिवस : सगळं घर एकत्र

उघडी, वाहणारी गळवं आटोक्यात आली की डॉक्टरांना विचारून हा टप्पा घ्यायचा. नाकात म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम आणि अंगाला ४ टक्के क्लोरहेक्सिडीन हा जंतुनाशक द्रव, पाच दिवस.

सासरे म्हणाले, “मला एकही गळू झालं नाही गं, मी कशाला नाकात मलम घालू?” प्रश्न रास्त होता. उत्तर असं की गळू न होताही नाकात जंतू असू शकतो. सेंट लुइस शहरातच मुलांवर एक अभ्यास झाला होता. ज्या घरांत फक्त आजारी मुलावर हे उपचार झाले, त्यांतल्या ७२ टक्के मुलांना वर्षभरात पुन्हा गळू किंवा तसा संसर्ग झाला; जिथे साऱ्या घराने केले, तिथे ५२ टक्क्यांना. म्हणजे पूर्ण सुटका नाही, पण फरक मोठा आहे. सासऱ्यांनी ऐकलं, आणि पाचही दिवस सगळ्यांत आधी त्यांचंच मलम लावून व्हायचं.

मलम लावायची रीत : स्वच्छ कापसाच्या काडीवर आगकाडीच्या गुलाएवढं, प्रत्येक नाकपुडीच्या पुढच्या भागात. मग नाकपुड्या चिमटीत धरून मिनिटभर चोळायच्या. दिवसातून दोनदा. प्रत्येकाची काडी वेगळी, वापरलेली काडी ट्यूबच्या तोंडाला पुन्हा लावायची नाही. आधी-नंतर हात धुवायचे.

आंघोळीत आपल्याकडे एक चूक हमखास होते. डेटॉलसारखं एक झाकण बादलीत ओतून त्या पाण्याने आंघोळ केली जाते. क्लोरहेक्सिडीन इतकं पातळ झाल्यावर काहीच करत नाही. ते थेट अंगाला लागलं पाहिजे. आधी केस नेहमीच्या शांपूने धुवा, तोंड नेहमीच्या साबणाने, आणि फेस पूर्ण जाऊ द्या, कारण साबण-शांपूचा अंश राहिला तर क्लोरहेक्सिडीनचा जोर जातो. दोन-तीन मग पाण्याने अंग भिजवा आणि पाणी थांबवा. धुतलेल्या कापडाच्या तुकड्यावर द्रव घेऊन मानेपासून खाली लावत जा : मान, बगला, छातीखालच्या घड्या, बेंबी, जांघा, नितंबांमधली फट, गुडघ्यांमागे, पायांच्या बेचक्या. हळुवार, खसाखसा नाही. दोन मिनिटं तसंच उभं राहा. मग स्वच्छ पाणी. त्यानंतर साबण नाही. डोळे, कान, तोंड आणि आतल्या नाजूक जागा टाळायच्या. कानाच्या आत गेलं तर ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. आधी थोड्या जागेवर लावून बघा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर लगेच धुवून दवाखाना. तान्ह्या बाळासाठी, गर्भारपणात आणि इसबाची कातडी असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय काहीच नाही.

त्या पाच दिवसांत रोज आंघोळीनंतर धुतलेला पंचा, धुतलेले कपडे, रात्री धुतलेली चादर आणि अभ्रा. मलम आणि आंघोळ नीट केली पण रात्री कालच्याच उशीवर डोकं टेकलं तर मेहनत वाया जाते. आमच्याकडे चादरी पुरेनात, म्हणून जुन्या साड्याच गादीवर अंथरल्या आणि उशीला रोज नवा पंचा गुंडाळला. आणखी एक : क्लोरहेक्सिडीन लागलेलं कापड ब्लीचमध्ये घालू नका, न जाणारे तपकिरी डाग पडतात. माझे पहिले तीन पंचे असे गेले.

अंगावर ब्लीचचं पातळ पाणी घेण्याचा उपाय परदेशातल्या मार्गदर्शनात आहे, पण तो टबसाठीच्या मापाने सांगितलेला आहे. बादलीत माप चुकलं तर कातडी भाजते. डॉक्टरांनी स्वतः माप लिहून दिलं नसेल तर करू नका.

नंतरचे महिने

आमच्याकडे त्या पाच दिवसांनंतर सात आठवड्यांनी मुलाला एक छोटं केसतूड आलं. मी रडलेच. पण ते शेकण्याने बसलं, आणि त्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी समजावलं की हा जंतू बाहेरून पुन्हा येऊ शकतो, एका फेरीत सगळं संपेल असं धरून चालू नये. रुग्णालयातून घरी गेलेल्या दोन हजारांहून जास्त एमआरएसए रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत महिन्यातून दोनदा, प्रत्येकी पाच दिवस, असं सहा महिने केलं होतं; त्यात क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्याही होत्या. तेव्हा या जंतूच्या संसर्गाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला. अशी पुनरावृत्ती तुम्हाला लागेल का हे डॉक्टर ठरवतील. स्वतःहून दर पुळीला म्युपिरोसिन लावत राहिलात तर जंतू त्यालाही सरावतो.

मी फ्रिजवर एक वही टांगली : तारीख, कुणाला, अंगावर कुठे, पू निघाला का, काय घेतलं. चार महिन्यांच्या नोंदींवरून दिसलं की मुलाची गळवं सामन्यांच्या आठवड्यांनंतर येत होती. आता खेळून आला की तो आधी साबणाने आंघोळ करतो, खरचटलेलं लगेच धुवून झाकतो, आणि गुडघ्यांचे पट्टे मित्राला देत नाही.

घरातल्या प्रत्येकाच्या औषधांच्या फाइलवर पहिल्या पानावर ‘एमआरएसए’ आणि रिपोर्टची तारीख लिहा, रिपोर्टची झेरॉक्स त्यातच लावा. पुढे कुणाचं ऑपरेशन असेल, बाळंतपण असेल, सांधा बदलायचा असेल, तर भरती होण्याच्या आधीच्या भेटीतच हे डॉक्टरांना सांगा. त्यांना ऑपरेशनआधीचं अँटिबायोटिक त्याप्रमाणे निवडता येतं. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या तीन आठवडे आधी आम्ही ते पान सर्जनना दाखवलं. त्यांनी नाकाचा नमुना घ्यायला सांगितला, आणि लुगड्याचे ते पंचे मी पुन्हा धुऊन काढले.